१९६६ च्या एमजीबीतील मीटर: बदल, दुरुस्ती आणि त्यामधला निर्णय

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी १९६६ मध्ये तयार झालेली, उघड्या टपाची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार आहे. एमजीबीचे उत्पादन १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात झाले आणि जीटी ही बंद टपाची आवृत्ती धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे ती दुर्मीळ नाही, तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि तिच्यात फेरफार करण्याचा मोह मालकांना सतत होत असतो. गाडीमालक मूळचे पुण्याचे, व्यवसायाने यांत्रिकी अभियंते आणि नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मिडलँड्स भागात स्थायिक झालेले आहेत. त्यांच्या पुण्याच्या घरी पूर्वी ॲम्बॅसिडर होती. ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही एकाच 'बी' मालिकेतील भावंडे असल्यामुळे इंजिनाबाबत त्यांना कधीच परकेपणा वाटला नाही. गाडीची वायरिंग आणि मीटर मात्र त्यांच्यासाठी नवीन होते, आणि या प्रकरणाचा सगळा भर नेमका तिथेच आहे.

गाडीतील मीटर मूळचे स्मिथ्स बनावटीचे होते. लंडनमधील घड्याळजींच्या व्यवसायातून वाढलेल्या या कंपनीचे मीटर त्या काळातील बहुतेक ब्रिटिश गाड्यांमध्ये दिसतात. काळ्या पोलादी डॅशबोर्डवर केबलने फिरणारा स्पीडोमीटर, विजेवर चालणारा आरपीएम मीटर, पेट्रोलचा मीटर, आणि ऑइलचा दाब व पाण्याचे तापमान एकाच तबकडीत दाखवणारा जोडमीटर अशी मांडणी होती. हे चार मीटर चार वेगवेगळ्या तत्त्वांवर चालतात. स्पीडोमीटरमध्ये फिरते चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढते. आरपीएम मीटर इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या प्रवाहाचे ठोके मोजतो. पेट्रोलचा काटा तापून वाकणाऱ्या द्विधातूच्या पट्टीमुळे हलतो. आणि जोडमीटरमध्ये विजेचा काहीच संबंध नसून ऑइल थेट नळीतून मीटरपर्यंत येते, तर तापमानासाठी ईथर भरलेली सीलबंद केशनळी वापरलेली असते. 'मीटर खराब आहेत' असे एका वाक्यात म्हणता येते, परंतु या चौघांच्या बिघाडांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही.

विजेच्या बाबतीत ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली. आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या, चार्जिंगसाठी लुकास या ब्रिटिश कंपनीचा डायनॅमो (वीज तयार करणारे जुने जनित्र) आणि संपूर्ण गाडीला वापरातले फ्यूज केवळ दोन. कारखान्याने एमजीबीला अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आलेले नवे जनित्र) आणि निगेटिव्ह अर्थ दिला तो १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून.

अडचण

मालकांनी गाडी घेतली तेव्हा पूर्वीच्या मालकाने तिच्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले होते आणि रुंद, कमी उंचीचे टायर घातलेले होते. पहिल्या उन्हाळ्यातच एकामागून एक तक्रारी समोर आल्या. आरपीएमचा काटा तीन हजारांच्या पुढे थरथरू लागे आणि मध्येच शून्यावर पडे. तापमानाचा काटा तळाशी पडून होता. स्पीडोमीटर कमी वेगात डुलत असे आणि मोटारवेवर फोनमधील जीपीएसपेक्षा सातत्याने जास्त वेग दाखवत असे. रात्री तबकड्यांवरचे आकडे जवळजवळ दिसत नसत. सर्वांत त्रासदायक वर्तन पेट्रोलच्या मीटरचे होते: टाकी काठोकाठ भरली तरी काटा पूर्ण वर जात नसे आणि टाकी रिकामी होत आली तरी तो पाव टाकी दाखवत राही. परिणामी गाडी एकदा मोटारवेच्या कडेला पेट्रोलअभावी उभी राहिली, आणि त्या दिवशी सर्व मीटर काढून टाकून नवा डिजिटल संच बसवण्याचे मालकांनी मनाशी ठरवले.

ऑर्डर देण्यापूर्वी त्यांनी मला गाडी पाहायला बोलावले. माझे काम उपकरण अभियांत्रिकीतले आहे आणि अशा जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मीटरशी माझा बराच काळ संबंध आलेला आहे. माझी विनंती एवढीच होती की, कोणताही मीटर काढण्यापूर्वी त्याच्यापर्यंत येणारी प्रत्येक तार, नळी आणि केबल मोजून पाहावी. मीटर हा मापनाच्या साखळीतील शेवटचा दुवा असतो. दोष अलीकडच्या दुव्यात असेल तर नवीन मीटरही तितकाच खोटा आकडा दाखवील.

मोजणीतून काय हाती आले

पेट्रोलच्या मीटरपासून सुरुवात केली, कारण त्याचा धोका खरा होता. या मीटरला बॅटरीचा विद्युतदाब थेट दिला जात नाही. मध्ये व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची छोटी डबी असते. तिच्यातील द्विधातूची पट्टी तापून संपर्क तोडते, थंड होऊन पुन्हा जोडते, आणि या उघडझापेतून सरासरी दहा व्होल्ट मिळतात. काटेवाला व्होल्टमीटर लावला की ही उघडझाप डोळ्यांना स्पष्ट दिसते. या गाडीत ती दिसलीच नाही. स्टॅबिलायझरचे संपर्क चिकटलेले होते आणि इंजिन चालू असताना मीटरला साडेतेरा व्होल्टच्या आसपास दाब मिळत होता. अशा मीटरमधील पट्टीचे तापणे दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दहाऐवजी साडेतेरा व्होल्ट मिळाले की उष्णता सुमारे १.८ पट होते. टाकी रिकामी असताना पाव टाकी दिसत होती ती यामुळे.

परंतु मग भरलेली टाकी अर्धवट का दिसावी? त्याचे उत्तर गाडीच्या मागच्या बाजूला मिळाले. टाकीतील सेंडरचा, म्हणजे तरंगत्या फ्लोटनुसार रोध बदलून पातळी कळवणाऱ्या भागाचा, रोध टाकी रिकामी असताना सुमारे २४० ओहम आणि भरलेली असताना २० ते ३० ओहम असतो. सेंडर बाहेर काढून फ्लोट हाताने फिरवला तेव्हा रोध या मर्यादांमध्ये सुरळीत बदलत होता, त्यामुळे सेंडर निर्दोष ठरला. मात्र टाकीचे पत्रे आणि बॉडी यांच्यामध्ये गंज साचलेला होता आणि अर्थिंगच्या त्या वाटेतच कधी दहा, कधी चाळीस ओहम रोध येत होता. गाडी हलवली की तो आकडा बदले. टाकी रिकामी असताना २४० मध्ये तीस मिळवले तर फारसा फरक पडत नाही. टाकी भरलेली असताना वीसमध्ये तीस मिळवले की वाचन पार कोसळते. स्टॅबिलायझरचा दोष काटा वर ढकलत होता आणि अर्थिंगचा दोष तो खाली ओढत होता, म्हणून मधल्या पट्ट्यात मीटर जवळपास बरोबर भासत असे. मालकांचा त्याच्यावरचा विश्वास टिकून राहिला तो या भासामुळे. केवळ मीटर बदलला असता तर या दोन्ही दोषांपैकी एकही गेला नसता.

आरपीएम मीटरच्या तबकडीच्या तळाशी 'आरव्हीआय' ही अक्षरे होती. या प्रकारच्या मीटरमध्ये कॉइलकडे जाणारी पांढरी तार मीटरच्या पाठीमागे एक वळसा घेऊन जाते आणि त्या तारेतील प्रवाहाचे ठोके मीटर मोजतो. पॉइंट्स, म्हणजे जुन्या इग्निशनमधील यांत्रिक संपर्क, उघडतात-मिटतात तेव्हाचे ठोके जसे ठसठशीत असतात तसे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे असतीलच असे नाही. त्यात आतील सर्किट सुमारे साठ वर्षांचे, कपॅसिटर कोरडे पडलेले. दोन्ही कारणे एकत्र आली की काटा थरथरणारच.

तापमानाची केशनळी इंजिनाच्या हेडजवळ (वरच्या भागाजवळ) पिळवटून तुटलेली होती. हे या गाड्यांमध्ये वारंवार दिसते: हेडमध्ये घट्ट बसलेला नट पान्याने फिरवताना नळीही त्याच्यासोबत फिरते, तिला बारीक चीर पडते आणि आतील ईथर उडून जातो. ऑइलच्या दाबाचा अर्धा भाग मात्र उत्तम चालत होता.

स्पीडोमीटरविषयी सर्वाधिक गैरसमज होते, म्हणून ती मोजणी सविस्तर सांगतो. तबकडीवर लहान अक्षरांत १०४० हा आकडा होता. त्याचा अर्थ असा की गाडी एक मैल जाताना केबलचे १०४० फेरे झाले तर मीटर बरोबर वाचेल. प्रत्यक्ष फेरे मोजण्याची जुनी पद्धत अशी: केबल मीटरपासून सोडवायची, तिच्या आतल्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावायचा, गाडी सरळ ढकलत मागच्या चाकाचे सहा फेरे पूर्ण करायचे आणि तेवढ्यात बाणाचे किती फेरे झाले ते मोजायचे. या संख्येला १६८० ने गुणून, चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांतील अंतराने भागले की मैलामागे फेरे मिळतात. येथे सहा फेऱ्यांमागे बाण सव्वासात वेळा फिरला आणि अंतर ११.३ इंच भरले, म्हणजे मैलामागे सुमारे १०७८ फेरे. वाचन पावणेचार टक्के जास्त. गाडीवर १८५/६५ चे, म्हणजे रुंद पण कमी उंचीचे, टायर होते. १६५/८० चे टायर असते तर हेच अंतर ११.७ इंचांच्या आसपास येऊन उत्तर १०४० ला जवळजवळ टेकले असते. मीटर खरा होता, चाके लहान होती. कमी वेगातील डुलण्याचे कारण तर आणखी साधे निघाले: केबलची आतली तार कोरडी होती आणि डॅशबोर्डमागे तिला फार तीव्र वळण दिलेले होते.

पर्याय

मालकांसमोर चार मार्ग ठेवले. पहिला, त्यांच्या मनातला: सर्व मीटर काढून एक डिजिटल पडदा बसवणे. त्यात अचूकता भरपूर मिळाली असती, नवे सेंसर आले असते आणि इशाऱ्याचे दिवेही सोबत मिळाले असते. परंतु त्यासाठी पोलादी डॅशबोर्ड कापावा लागणार होता, संपूर्ण गाडी निगेटिव्ह अर्थवर आणावी लागणार होती आणि दोन फ्यूजच्या वायरिंगवर एका नाजूक संगणकाचा भार पडणार होता. कापलेला डॅशबोर्ड पुन्हा पूर्ववत होत नाही, हा माझा मुख्य आक्षेप होता आणि तो मी स्पष्टपणे नोंदवला.

दुसरा मार्ग जुन्या रूपाचे नवे मीटर बसवण्याचा होता. स्मिथ्सच्या नावाने असे मीटर आजही वेल्समध्ये तयार होतात. त्यांत विजेवर चालणारे आणि जीपीएसवर चालणारे स्पीडोमीटरही मिळतात. डॅशबोर्ड न कापता ते त्याच भोकांत बसू शकतात. यातील अडचण जोडमीटरची होती: ऑइलचा दाब आणि तापमान एकाच तबकडीत असल्यामुळे चालू स्थितीतला अर्धा भागही त्यासोबत टाकून द्यावा लागला असता.

तिसरा मार्ग सर्व मीटर मूळ अवस्थेत, मूळ सर्किटांसह दुरुस्त करण्याचा. इतिहासाच्या दृष्टीने तो सर्वांत प्रामाणिक आहे. मात्र ही गाडी प्रदर्शनापुरती नव्हती. मालक तिने दर आठवड्याला प्रवास करतात, आणि जुन्या आरव्हीआय सर्किटाला इलेक्ट्रॉनिक इग्निशनसोबत नांदवणे अवघड होते.

चौथा मार्ग मिश्र स्वरूपाचा होता. तबकड्या, काटे, काचा आणि कडा मूळच्याच ठेवायच्या. आतील जे भाग थकले आहेत तेवढेच नव्या इलेक्ट्रॉनिक्सने बदलायचे. आणि जिथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे तिथे डोळ्यांआड राहणारी भर घालायची. प्रत्येक बदल काही तासांत उलटवता यावा, ही अट मालकांनी स्वतःच घातली. मोजणीचे आकडे समोर आल्यानंतर त्यांनी हाच मार्ग निवडला.

खरा पेच: अर्थ कोणत्या टोकाचा ठेवायचा?

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय बाहेरून मुळीच दिसत नाही. पॉझिटिव्ह अर्थ तसाच ठेवला तर गाडीचे मूळ स्वरूप टिकते आणि काम कमी होते. परंतु बाजारात सहज मिळणारे बहुतेक इलेक्ट्रॉनिक भाग, एलईडी दिवे आणि फोन चार्जर निगेटिव्ह अर्थसाठीच बनवलेले असतात. स्टॅबिलायझरच्या जागी बसणारा दहा व्होल्टचा साधा ७८१० रेग्युलेटरही पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत चालत नाही. तिथे ७९१० हा उलट्या ध्रुवाचा भाग लागतो.

सुरुवातीला मालकांनी ध्रुव न बदलण्याचे ठरवले आणि आरपीएम मीटर एका कारागिराकडे पॉझिटिव्ह अर्थचे नवे सर्किट बसवण्यासाठी पाठवून दिला. मीटर परत येईपर्यंत दिव्यांचा आणि चार्जरचा विचार झाला आणि त्यांचे मत बदलले. मीटर पुन्हा पाठवावा लागला आणि त्याचे पैसेही पुन्हा भरावे लागले. ध्रुव बदलण्याचा निर्णय मात्र माझ्या मते योग्यच होता, कारण गाडी रोजच्या रस्त्यावर वापरायची आहे आणि डॅशबोर्ड तसाही उघडलेला होता.

ध्रुव बदलणे ऐकायला भीतिदायक वाटते, पण शिस्तीने केले तर ते फार मोठे काम नाही. आसनांमागील दोन्ही बॅटऱ्या उलट फिरवल्या. बॅटरीचा धन खुंट ऋण खुंटापेक्षा जाड असल्यामुळे तारांच्या पकडी बदलाव्या लागल्या. कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल केली. डायनॅमोला नवा ध्रुव शिकवण्यासाठी त्याच्या 'एफ' टोकावरची रेग्युलेटरकडे जाणारी तार सोडवून, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाकडून आणलेल्या तारेने त्या टोकाला क्षणभर स्पर्श केला. इग्निशनचा भाग निगेटिव्ह अर्थचा घेतला. पेट्रोलचा द्विधातूचा मीटर ध्रुवाची पर्वा करत नाही, त्याला हातही लावला नाही. पेट्रोल पंपाबाबत मात्र थांबून खात्री केली: पॉइंट्सवर चालणारा एसयू बनावटीचा मूळ पंप कोणत्याही ध्रुवावर चालतो, परंतु ठिणगी कमी करण्यासाठी डायोड बसवलेले नंतरचे पंप चुकीच्या ध्रुवावर बिघडतात. या गाडीचा पंप मूळ प्रकारचा निघाला.

प्रत्यक्ष काम

पेट्रोलच्या मीटरसाठी जुन्या स्टॅबिलायझरची डबी रिकामी करून तिच्यात ७८१० आणि दोन कपॅसिटर बसवले. उष्णता बाहेर जावी म्हणून रेग्युलेटर डबीच्या पत्र्याला घट्ट आवळला. बाहेरून पाहणाऱ्याला तो मूळचाच भाग वाटतो. लुकासच्या रंगसंकेतानुसार इग्निशन चालू केल्यावर फ्यूजमार्गे येणारी तार हिरवी आणि स्टॅबिलायझरकडून मीटरला जाणारी तार फिकट हिरवी असते. ते रंग तसेच राखले. सेंडरच्या कडेपासून बॉडीपर्यंत स्वतंत्र काळी अर्थिंग तार ओढली. त्यानंतर सेंडरच्या जागी २४०, ६८ आणि २० ओहमचे रोध लावून काटा अनुक्रमे रिकामी, अर्धी आणि भरलेली टाकी दाखवतो की नाही ते पाहिले. काटा किंचित खाली होता. मीटरच्या पाठीवर समायोजनाची दोन बारीक छिद्रे असतात. तिथला बदल सर्वांत शेवटी केला. पुरवठा आणि अर्थिंग दुरुस्त होण्यापूर्वी ही छिद्रे उघडणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक चढवणे होय.

आरपीएम मीटर परत आल्यावर तो पडताळण्यासाठी महागडे उपकरण लागले नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यामागे दोन ठिणग्या पडतात, म्हणून ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके होतात. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेला छोट्या ट्रान्सफॉर्मरने बारा व्होल्टवर आणून ब्रिज रेक्टिफायरमधून काढले की सेकंदाला बरोबर १०० ठोके मिळतात. नव्या सर्किटाच्या संकेत-तारेवर ते दिले आणि काटा तीन हजारांवर येऊन स्थिर राहिला. इतक्या कमी साहित्यात इतकी भरवशाची पडताळणी होते, याचे मला दर वेळी समाधान वाटते.

जोडमीटर केशनळी बदलून ईथर भरून देणाऱ्या कारागिराकडे दुरुस्त झाला. परत आल्यावर नळीचे टोक उकळत्या पाण्यात धरले. फॅरनहाइटच्या तबकडीवर काटा २१२ च्या रेषेलगत थांबला. बसवताना नट फिरवण्यापूर्वी नळी मोकळी फिरते आहे याची दोघांनी मिळून खात्री केली, आणि इंजिनाच्या कंपनाने ती घासू नये म्हणून तिला रुंद वेटोळे दिले.

ऑइलच्या बाबतीत मीटर चांगला असला तरी त्याच्याकडे येणारी नळी चिंताजनक होती. कोणीतरी पूर्वी तिथे साधी प्लॅस्टिकची नळी लावली होती आणि ती कडक होऊन पिवळी पडली होती. ही नळी फुटली तर गरम ऑइल थेट चालकाच्या पायांवर येते आणि इंजिनातील ऑइलही वेगाने संपते. तिच्या जागी धातूच्या जाळीची नळी बसवली. इंजिनाच्या बाजूला एक टी जोड घालून ऑइल दाबाचा छोटा स्विच जोडला आणि त्याचा लाल दिवा डॅशबोर्डखाली बसवला. सगळ्या कामात माझ्या दृष्टीने खरी सुधारणा हीच. दाब अचानक गेला तर काट्याकडे लक्ष जाईपर्यंत इंजिनाचे बेअरिंग गेलेले असते. लाल दिवा मात्र नजर खेचून घेतो.

दिव्यांसाठी मीटरच्या आतील काळवंडलेली बाजू पुन्हा पांढरी रंगवली आणि उबदार छटेचे एलईडी बल्ब बसवले. इग्निशनच्या लाल दिव्याला मात्र जुना तारेचाच बल्ब ठेवला. डायनॅमोच्या बाबतीत या दिव्याला एवढे महत्त्व नसते, परंतु पुढे अल्टरनेटर बसवला तर त्याला सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो. तिथे एलईडी असेल तर अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

स्पीडोमीटरच्या यंत्रणेला हातच लावला नाही. केबलच्या आतल्या तारेला पातळ ग्रीस लावले, मीटरकडचे शेवटचे वीतभर अंतर कोरडे ठेवले, कारण तिथले ग्रीस फिरत फिरत वर चढून मीटरच्या वाटीत शिरते, आणि डॅशबोर्डमागचे वळण मोठे केले. डुलणे थांबले.

परिणाम

टाकी रिकामी करून मोजून पेट्रोल भरत पाहिले तेव्हा काटा दोन्ही टोकांना खरा ठरला. तो अजूनही सावकाश हलतो, पण हा द्विधातूच्या मीटरचा स्वभाव आहे. त्याचमुळे वळणावर पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचत नाही. आरपीएमचा काटा संपूर्ण पट्ट्यात स्थिर आहे. गरम इंजिनाचा ऑइल दाब चालताना दर चौरस इंचाला साठ पौंडांच्या आसपास आणि मंद फिरताना वीसच्या आसपास दिसतो. कारखान्याच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादा चालताना ५० ते ८० आणि मंद फिरताना १० ते २५ अशा आहेत. एकूण खर्च मालकांनी ठरवलेल्या डिजिटल संचापेक्षा कमी आला, वेळ मात्र बराच जास्त लागला. मीटर कारागिरांकडे असल्यामुळे हिवाळ्याचा मोठा भाग गाडी उभीच होती.

काय वेगळे करता आले असते

ध्रुवाचा निर्णय आरपीएम मीटर पाठवण्यापूर्वी व्हायला हवा होता. कोणत्याही जुन्या गाडीत विजेचे पहिले काम काढतानाच पुढील काही वर्षांत काय काय जोडायचे आहे याची यादी केली, तर हा प्रश्न आपोआप पहिल्या ओळीत येतो.

फ्यूजच्या बाबतीतही मला अधिक आग्रह धरावासा वाटतो. मीटरच्या हिरव्या तारेवर कमी क्षमतेचा स्वतंत्र फ्यूज नंतर घातला गेला. तो डॅशबोर्ड उघडलेला असतानाच घातला असता तर पुन्हा पाठीवर झोपून काम करावे लागले नसते, आणि स्टॅबिलायझरच्या डबीत दोष निर्माण झाला तर बाकीच्या हिरव्या तारांवरचे वायपर आणि ब्रेकचे दिवे त्यासोबत बंद पडण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून टळली असती.

मूळ आरव्हीआय सर्किट टाकून न देता ते मालकांनी कारागिराकडून परत मागून घेतले, हे मात्र अगदी योग्य झाले. ते पॉझिटिव्ह अर्थचा उल्लेख असलेल्या चिठ्ठीसह गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलेले आहे. ध्रुव बदलल्याची सूचना बॅटरीच्या झाकणावर आणि बॉनेटखाली चिकटवली आहे, कारण १९६६ ची एमजीबी पाहणारा कोणताही जाणकार ती पॉझिटिव्ह अर्थची आहे असेच गृहीत धरेल आणि उलट्या टोकांना चार्जर लावेल.

दोन गोष्टी शिल्लक आहेत. इलेक्ट्रिक पंखा बसवायचा झाल्यास डायनॅमोची क्षमता पुरणार नाही, तेव्हा अल्टरनेटरचा विचार करावा लागेल. आणि स्पीडोमीटर अजूनही पावणेचार टक्के जास्तच वाचतो. सध्याचे टायर अजून चांगले आहेत आणि जास्त वेग दाखवणारा मीटर कमी दाखवणाऱ्यापेक्षा सुरक्षित, म्हणून घाई केलेली नाही. पुढच्या टायरबदलीत १६५/८० घ्यायचे ठरले आहे. ते बसल्यावर चाकाच्या सहा फेऱ्यांची मोजणी पुन्हा करायची आहे.